मार्लीजचा शेवटचा हिवाळा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या गावच्या सरपंच मादाम मोंबारों, कारखान्याचे संचालक श्री. त्सेंडर, जिच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ती सत्कारमूर्ती मार्लीज ग्रोजाँ, पॉलिश विभागातल्या माझ्या जुन्या सोबतिणींनो, बँडवाल्या मंडळींनो, आणि भाषणं संपायची वाट न पाहता मागच्या रांगेत बाटली उघडून बसलेल्या मित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सरपंचबाई मनगटाकडे बघताहेत, म्हणून सुरुवातीचं कौतुक आटोपशीर करतो.

मार्लीज सोळा वर्षांची असताना माझ्या हाताखाली शिकायला आली. मी तेव्हा अठ्ठावीसचा, आणि घड्याळाची केस घासून चमकवणं या जगात मलाच कळतं अशा समजुतीत. तिने घासलेली पहिली केस मी उजेडात धरली, भुवया चढवल्या आणि म्हणालो, “इथे ओरखडा राहिलाय.” पोरगी म्हणते कशी, “भाऊ, तो तुमच्या चष्म्यावर आहे.” चष्मा पुसला. तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून विभागात माझा दरारा म्हणून जो काही होता तो संपला.

पासपोर्ट काढायला गेली, तर यंत्राला तिच्या अंगठ्याचा ठसाच सापडेना. अठ्ठेचाळीस वर्षं पॉलिशच्या चाकावर घासून रेषाच उरल्या नव्हत्या. तिथला साहेब म्हणाला, “बाई, तुम्ही आहात याचा पुरावा काय?” ही म्हणाली, “सकाळी सहाला कारखान्यात या, दिसेन.”

श्री. त्सेंडर आत्ताच म्हणाले की मार्लीज ठरल्यापेक्षा तीन महिने जास्त थांबली, त्याबद्दल कारखाना तिचा ऋणी आहे. साहेब, राग मानू नका, पण ती थांबली नाही. तिला थांबवलं. आणि थांबवणाऱ्यांत मी एक होतो. मी कागदावर वेगळंच लिहून आणलं होतं, ते आता खिशातच राहू दे.

अडीच वर्षांपूर्वी याच सभागृहात चर्चा झाली होती. बायकांचं पेन्शनचं वय चौसष्टवरून पासष्ट करावं की नाही, यावर देशभर मतदान होतं. मी पेन्शनवर सुखाने बसलेला माणूस, तरी मला बोलायची हौस. उभा राहिलो आणि म्हणालो, “समान हक्क मागता ना? मग समान वयही घ्या. आणि एकदम वर्ष कुठे वाढतंय? एकसष्ट सालच्या जन्माला तीनच महिने. तीन महिने म्हणजे काय, एक हिवाळा!” टाळ्या पडल्या. मार्लीजचा जन्म जानेवारी एकसष्टचा. ती तिसऱ्या रांगेतून म्हणाली, “भाऊ, कामावरून आल्यावर सासूबाईंना भरवायचं, नातवंडं सांभाळायची, ती समानता कुठल्या हिवाळ्यात येणार तेवढं सांगा.” तिलाही टाळ्या पडल्या. सगळे हसले, मीही हसलो. आणि खाली बसलो.

तिचा नवरा आर्मां तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. गावचे रस्ते दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, घरोघरी मतं पाकिटात घालून पाठवायची लगबग चालली असताना, तो कॅफेत टेबलाटेबलाशी जाऊन ओरडत होता, “मतदार कार्डावर सही केली का रे? सही नसेल तर ते पाकीट चूल पेटवायला!” मार्लीज सही करेपर्यंत तिच्या डोक्यावर उभा राहिला, आणि दोघांची पाकिटं त्याने स्वतः पेटीत टाकली.

रविवारी मोजणीला आम्ही पाच जण बसलो होतो. प्रमुख मार्लीज, शेजारी मी. एक पाकीट उघडलं, कार्डावर सहीची जागा कोरी. नाव आर्मां ग्रोजाँ. गावाला बजावत फिरला आणि स्वतः विसरला!

मी हळूच म्हणालो, “फोन कर त्याला. पाच मिनिटांत येईल.”

“पेटी अकराला बंद झाली, भाऊ.”

“अगं, घरातलंच पाकीट आहे.”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि त्यावर स्वतःच्या हाताने ‘अवैध’ लिहिलं. आतलं मताचं छोटं पाकीट बंदच राहिलं.

दुपारी आकडे लागले. हो एकशे एक्केचाळीस, नाही एकशे चाळीस. त्यातलं एक ‘हो’ माझं. खोटं कशाला बोलू, टेबलाखाली माझा पाय आनंदाने हलत होता.

आर्मांचं मत धरलं असतं तरी काही बदललं नसतं, हेही सांगायला हवं. गाव बरोबरीत सुटलं असतं, देशाचा कौल ‘हो’ होता, तो तोच राहिला असता. आर्मां मला नंतर म्हणाला, “दोन दिवस बोलली नाही रे. तिसऱ्या दिवशी वाण्याची यादी पुढे केली, म्हणाली, आधी खाली सही करा.”

मागच्या शरदात आर्मांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, वसंत दिसेल, उन्हाळ्याचं सांगत नाही. जुन्या नियमाने मार्लीज एक फेब्रुवारीपासून घरी असती. नव्या नियमाने एक मे. ठरल्याआधी पेन्शन घेता येते, पण मग ती जन्मभर कमीच मिळते. मार्लीज तयार होती. आर्मांनेच ऐकलं नाही. “माझ्यामागे तुला त्यावरच जगायचंय,” म्हणाला. “तीन महिने मी काढतो.”

श्री. त्सेंडरांनी तिला शुक्रवारच्या दुपारी मोकळ्या करून दिल्या, त्याबद्दल त्यांचे आभार. सकाळी आर्मांजवळ मी बसायचो. मला वेळच वेळ. खिडकीकडे बघत तो म्हणायचा, “सोमवारी सकाळी नऊ वाजता ही घरात कशी दिसते, मला माहीत नाही. सुट्टीतला सोमवार धरू नकोस, तो खरा नव्हे.” आणि एकदा म्हणाला, “तूच म्हणाला होतास ना लेका, एक हिवाळा? बघ, संपता संपत नाही.” टोमणाच होता. पण बोलताना त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला होता.

अठरा मार्चला तो गेला. मंगळवार होता, सोमवार नव्हे. मी उगाच गोष्ट रंगवत नाही. शेवटी त्याने विचारलं, “किती वाजले?” मी म्हणालो, “पावणेनऊ.” तो म्हणाला, “म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तिला यायला अजून तीन तास.” मी विभागात फोन लावला. चाकांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, आणि काम चालू असताना मान वर करायची नाही, हे तर मीच तिला सोळाव्या वर्षी शिकवलं होतं. कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावेपर्यंत, आणि एप्रन तसाच ठेवून ती सात मिनिटांचा रस्ता धावत येईपर्यंत, सगळं झालं होतं. जिथे तिने असायला हवं होतं, त्या खुर्चीत मी बसलो होतो.

मंडळी, समोर बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट साली जन्मलेल्या बायका बसल्या आहेत. तुम्हाला सहा महिने, नऊ महिने, पुरतं एक वर्ष. तुम्हाला धीर येईल असं एखादं वाक्य काल दिवसभर शोधत होतो. नाही सापडलं. कायदा झाला आहे, तो तुमच्या माझ्या हळहळीने मागे फिरत नाही. येत्या सोमवारी नऊ वाजता मार्लीज आपल्या स्वयंपाकघरात असेल. बघायला कोणी नाही.

सरपंचबाई, पाच मिनिटं कधीच होऊन गेली, तुम्ही अडवलं नाहीत. बँडने आर्मांच्या आवडीची चाल वाजवली, पॉलिश विभागातल्या बायकांनी टेबलं सजवली, चीज कापून ठेवलं, सर्वांचा मनापासून आभारी आहे. भाषणात कुणाचं नाव राहिलं असेल, नको ते निघून गेलं असेल, तर म्हातारा समजून सोडून द्या.

मार्लीज, तुझी मात्र मी माफी मागणार नाही. मागितली, तर ती द्यायची की नाही हे तुलाच ठरवत बसावं लागेल. तू पुष्कळ काम केलंस. जाता जाता हे आणखी एक तुझ्या गळ्यात घालत नाही.