काकांचा सोवळ्यातला फोटो

अगं, आमच्या दुर्गाघाटच्या वाचनालयात इंटरनेटला फिल्टर बसवला कोणी? तिथले चिटणीस आहेत ना, त्या काकांनी, पोरं बिघडतात म्हणून! माझा प्रबंध मूर्तिकलेवर, सोमवारी द्यायचा, आणि एकाही देवाचं चित्र उघडेना. मी भांडले, तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात काकांचे पुण्याचे यजमान आले. काका भिक्षुकी करतात. ऐटीत त्यांना वाचनालयाच्याच संगणकावर आपली वेबसाइट दाखवायला गेले. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'अश्लील चित्र, प्रवेश बंद.' तिथे काकांचाच फोटो आहे ना, सोवळं नेसून, वर उघडेबंब!

यजमान म्हणाले, "काय हो गुरुजी?"

"अहो, ते सोवळं आहे!"

मी म्हटलं, "मशीनला सांगा, काका. नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी फिल्टर निघाला. माझ्या तेहतीस कोटी देवांना जमलं नाही, ते काकांच्या ढेरीनं करून दाखवलं!