ब्लोअर बिघडलाच नव्हता

हीटरचा विषय काढलात म्हणून सांगतो. लॉकडाऊनमध्ये, ऐन जुलैच्या थंडीत (इथे परदेशात हिवाळा जुलैत येतो), आमच्या क्लेटनच्या घरातला गॅस हीटर रुसला. खोल्यांत गरम हवा ढकलणारा ब्लोअर नुसता घरघरायचा आणि थोड्या वेळात आतला जाळ आपोआप बंद. मी म्हटलं, गेली मोटर.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मेट, मोटरला नावं ठेवण्याआधी हवा आत ओढणारी जाळी बघ. ती झाकली गेली की हीटर तापून बंद पडतो."

जाळी पॅसेजमध्ये, आईच्या दाराशी. बघतो तर तिच्यावर आईची चादर, चांगली ताणून लावलेली! मी ती ओढूनच काढली.

"आई, अगं ही काय चादर वाळत घालायची जागा आहे? पोरं कुडकुडतायत!"

ब्लोअर मस्त सुरू झाला. आतून लेक ओरडली, "बाबा, इट्स वॉर्म!" आणि इकडे जाळीशेजारच्या स्टुलावर आईने लावलेला दिवा विझला.

नाशिकचा मामा नुकताच गेला होता. विमानं बंद, म्हणून आईने भावाचा दिवा इथेच लावला होता; खोलीत गरम हवेच्या झोतात टिकेना, म्हणून दाराबाहेर. जाळीच्या ओढीने तो सारखा विझायचा, म्हणून ती चादर.

मी चादर पुन्हा लावायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू दे. मी बसते आडोसा धरून."

आणि बसली की हो, रोज, पदर धरून.

तिच्या खोलीत गरम हवा सोडणारी झडप बंद करून दिवा आत ठेवता आला असता. एवढी साधी गोष्ट. मला सुचली तेव्हा मामाचा तेरावा होऊन गेला होता.