मिठाचा फोटो

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची मुलगी नंबर यायची वाट बघत होते.

“बाबा, ट्रेमधला आईचा फोटो तुम्ही काढलात?”

“मीच. टिपून वाळत घातला. नळ चालू ठेवून कुठे गेली होतीस?”

“अहो, तो धुवायलाच ठेवला होता.”

“मिठाचा फोटो म्हणतेस आणि पाण्यात भिजवतेस? मीठ विरघळलं असतं तर तुझी आई दुसऱ्यांदा गेली असती.”

“मीठ आधी कागदाला लावतात. चित्र चांदीचं असतं. ते पक्कं करायला हायपो नावाच्या रसायनात बुडवायचं आणि मग तो हायपो धुऊन काढायचा. राहिला तर चित्रच खातो.”

“पक्कं करणाराच खातो?”

“हो.”

“म्हणजे भिजवला तर टिकतो आणि वाचवला तर जातो?”

“हो. हा घरी गेल्यावर पुन्हा धुते. निगेटिव्हची काच फुटल्यापासून दोनच तर उरलेत.”

“दुसरा मावशीकडचा. तो कोणी धुतला?”

“दादाने धुऊन वाळत घातला होता ना?”

“दादाने नाही गं. तोही मीच काढून टिपला होता.”

“बाबा…”

“फोन लाव तिला. पण सांगायचं काय? बहिणीला पाण्यात घाल म्हणून?”