ते पत्रक मी लिहिलं होतं

सन्माननीय अध्यक्ष हिंमतराव अण्णा, सुरतेचे, नंदुरबारहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे शांतीलाल शेठ, आपल्या तापीतीर जिनिंग सोसायटीचे सर्व संचालक, सभासद मंडळी, आणि तिकडे भिंतीशी माझ्या मायसोबत बसलेल्या सगळ्या आयाबहिणींनो,

तुम्ही मला शाल दिली, नारळ दिला, एवढा मोठा हार घातला. मी सर्वांचा आभारी आहे. माझं शिक्षण देवळालीला इंग्रजी शाळेत झालं, घरात आपली बोली, त्यामुळे सभेतलं मराठी मला जरा जड जातं. सांभाळून घ्या.

अण्णांनी आत्ता माझी ओळख करून दिली. म्हणाले, नरोत्तम लंडनला वर्षभर पब्लिक रिलेशन्स शिकून आला, आणि आल्या आल्या त्याच्या एका पत्रकाने सोसायटीची अब्रू वाचवली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा, त्या टाळ्या मला नकोत. का नकोत, ते मी इथेच सांगणार आहे.

आधी लंडनचं सांगतो. तुम्हाला तेच ऐकायचं होतं ना?

मला ते काम फार आवडलं, खोटं कशाला बोलू. कंपनीचं म्हणणं लोकांपर्यंत न्यायचं, लोकांचं कंपनीपर्यंत आणायचं. मला वाटलं, हे आपल्याकडे पाहिजे! रात्रंदिवस शिकत होतो. आमच्या ऑफिसात वेब नावाचे टपालाचे म्हातारे क्लार्क होते. मला मफलर कसा बांधायचा ते त्यांनी शिकवलं. फेब्रुवारीत ते वारले. ऑफिसात कुणी जागचं उठलं नाही. मला राहवेना. मी पत्ता काढला आणि त्यांच्या घरी दारावर गेलो, दुःखाच्या घरी आपण बसायला जातो तसा. न कळवता. डोक्याला रुमाल बांधून.

त्यांच्या बाईंनी दार उघडलं, मला पार्सलवाला समजल्या आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

मी म्हटलं, "सही नको. मी बसायला आलोय."

बसलो. खाली मान घालून, गप्प. आपल्यात आधी बोलत नाहीत. त्यांनी चहा आणला. सुतकाच्या घरी आपण पाणी घेत नाही, म्हणून मी कपाला हात लावला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दिला, मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्या रडायलाच लागल्या. माझ्या हातचा चहासुद्धा चालत नाही का तुला, म्हणाल्या. तिथे दुःखाच्या घरी चहा घेणं हाच धीर असतो, हे मला कुठे माहीत!

(हसा, हसा. मला अजून हसू येत नाही.)

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला उभं केलं. "मिस्टर पाटील, एका विधवेला तुम्ही घाबरवलंत. आपण लोकांच्या घरात घुसत नाही. आपण कार्ड पाठवतो. ते आता तुम्हीच लिहा." मी लिहिलं, चार ओळी. साहेब खूश. तिथून पुढे ऑफिसात कुणाचंही काही झालं की कार्ड माझ्याकडे. वर्षाच्या शेवटी मी इतका तयार झालो होतो, की माणसाला न पाहता, न ओळखता, पंधरा मिनिटांत दुःख लिहून देत होतो. ही माझी परदेशी विद्या.

आता आपल्या जिनचं. गेल्या नोव्हेंबरात भिला आपल्या जिनमध्ये इंजिनच्या पट्ट्यात ओढला जाऊन गेला. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरचा भिला, सहा हंगाम आपल्याकडे कपाशी ओढणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला बोलावलं. मी विचारलं, "अण्णा, हे झालं कसं?" अण्णा म्हणाले, "दारू पेयेल व्हता, आनखी काय! तू लिख, इंग्लंडमा शिकना ना?"

अण्णा, तुम्ही हेच म्हणालात ना? मग आता मान का वळवताय?

मी लिहिलं. वीस मिनिटांत. 'मद्याच्या अमलाखाली असल्याने सदर कामगाराचा तोल जाऊन.' काय सुंदर वाक्य होतं! पेपरात जसंच्या तसं आलं. त्या दिवशी जेवताना माझ्या मायने एवढंच विचारलं, "नरोत्तम, तू तिना दारवर गया व्हता का?" कुणाच्या, विचारलं मी. "जिना मानूस गया तिना." मी म्हटलं, माय, त्यासाठी पत्रक असतं.

माय, तू त्या रात्री माझ्या ताटाशेजारून उठून गेलीस. मला राग आला होता. आता तो माझा मलाच येतो.

महिन्याने भिलाची बायको दगूबाई जिनच्या फाटकाशी येऊन बसली. पाड्यापासून चालत. सोबत तिचा भाऊ उखा, त्याच्या हातात पेपराचा तुकडा. वॉचमनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तूच लिखं का हाई?"

मी हो म्हटलं.

"मन्हा धनीना गळामा माळ व्हती. सात वरीस. दारूले त्यानी कधी हात लावा नई."

भिला भगत होता, मंडळी. माळकरी. मी इतक्या हंगामांत एकदाही त्याच्या गळ्याकडे पाहिलं नव्हतं. आणि ऐका पुढचं. पाड्यावर मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. छापलेलं खोटं कसं असेल? पंचांनी ठरवलं, भिलाने माळ मोडली. त्याच्या दिवसांचं भजन नाकारलं. ज्यांच्यासोबत तो सात वर्षं टाळ घेऊन बसला, ते त्याच्या अंगणात येईनात. आज दोन महिने झाले. दगूबाई म्हणते, भजन झालं नाही, म्हणून तो अजून वाटेला लागला नाही. माझ्या एका वाक्याने त्याला अडवून धरलंय!

मग मी सुकलाल मिस्त्रीकडे गेलो. ते इथेच दाराशी उभे आहेत. काका, सांगू ना? ते म्हणाले, "भाऊ, तीनदा सांगं मी, पट्टानी जाळी बसाडा, उघडा पट्टा मानूस खाई. कोनी आयकं? आनि तुम्ही लिखं तवय कोनले इचारं व्हतं?"

कुणालाच विचारलं नव्हतं, काका.

कोण म्हणालं, "आज काय हा विषय काढायचा"? तुम्ही का, गुलाबसिंग मामा? मामा, तुमचे वडील गेले तेव्हा हे सगळे संचालक दोन बैलगाड्या भरून तुमच्या दारावर आले होते. शांतीलाल शेठच्या घरच्या दुःखाला तर आपण पार सुरतेला जाऊन आलो. भिलाच्या दारावर कोण गेलं? पाडा लांब आहे? सुरत जवळ आहे? लंडनच्या त्या साहेबाचा मला राग यायचा. पण निदान त्यांच्यात ती रीत नव्हती. आपल्यात आहे, आणि माणूस पाहून आपण ती पाळतो. लाज वाटते मला, तुमचीही आणि माझीही.

अण्णा, दोन मिनिटं. बसा, मी संपवतो. माईक बंद केला तरी माझा आवाज मोठा आहे.

आज सकाळी मी पेपराला दुसरं पत्रक दिलं आहे, माझ्या सहीने. सोसायटीच्या नाही. त्यात लिहिलंय: भिला दारू प्यालेला नव्हता. पट्ट्यावर जाळी नव्हती. आधीचं पत्रक मी कुणालाही न विचारता लिहिलं, ते खोटं होतं. परवाच्या अंकात येईल. सोसायटीला मला काढायचं असेल तर राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला आहे, नुसती तारीख घाला.

पण पाड्यावरचे पंच काल मला म्हणाले, "कागदनी घान कागदवर नई जात. ज्यासनी जिन शे त्या येवोत, आमना समोर सांगोत, मंग भजन हुई." हे मी एकटा करू शकत नाही. मी लिहिणारा, जिन तुमची आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी शहाद्याच्या एसटी स्टँडवर असेन. घाटाखालपर्यंत गाडी, पुढे दोन कोस पायी. माझी माय येते आहे. सुकलाल काका येताहेत. अण्णा, तुम्ही आलात तर भजन उद्याच होईल. नाही आलात तर आम्ही दगूबाईच्या अंगणात बसू, आणि ती विचारेल की मालक कुठे आहेत. मी यावेळी तुमच्यासाठी काही लिहून देणार नाही.

आपण वेळ काढून आलात, माझा मान केलात, त्याबद्दल सर्वांना धन्यवाद. व्याकरणात, मानपानात चुकलो असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. बाकी जे बोललो, त्याची माफी मी इथे मागत नाही. ती उद्या जिथे मागायची तिथे मागेन.

नमस्कार.