डावीकडची बाजू

(आयडाहोतला एक कॅम्प, संध्याकाळचे सहा. डेल्बर्ट ट्रकच्या स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर मुलगी रोंडा. बायको मार्लीन मागे, ट्रकला जोडलेल्या राहण्याच्या ट्रेलरपाशी वॉकीटॉकी घेऊन उभी.)

मार्लीन: थांब, थांब, थांब! डेल, थांब म्हणजे ब्रेक. मघाशी मी थांब म्हटलं तर तू विचार करत बसलास.

डेल्बर्ट: थांबलोय. आता काय झालं?

मार्लीन: काही नाही, झाड सरकायला तयार नाही. मी विनंती करून पाहिली.

डेल्बर्ट: झाड? कुठलं झाड?

मार्लीन: पाईनचं. असेल चाळीसेक फूट उंच. घाई नाही, सावकाश बघ, परवापर्यंत इथेच आहे ते.

डेल्बर्ट: ही जागाच मुळात तिरकी आखलीय या लोकांनी.

मार्लीन: हो ना, नाचता येईना अंगण वाकडं. पुढे घे, सरळ कर, आणि परत ये मागे. पाचवी खेप. या वेगाने आपण समुद्रावर जाण्याऐवजी समुद्रच येईल इकडे, बिचारा वाट बघून कंटाळून.

रोंडा: बाबा, समोरच्या ट्रेलरवाल्यांनी घडीच्या खुर्च्या बाहेर काढल्या. आणि त्या निळ्या टोपीवाल्याने बीअरपण आणली.

डेल्बर्ट: काढू देत. दुसऱ्याला ट्रेलर मागे घेताना बघणं ही कॅम्पातली संध्याकाळची प्रार्थना आहे. मीसुद्धा किती वेळा बसलोय.

रोंडा: आणि हसलायस.

डेल्बर्ट: हळू हसलोय. माणुसकी नावाची गोष्ट असते.

रोंडा: बाबा, तू डाव्या आरशात बघतच नाहीयेस.

डेल्बर्ट: बघितलं की.

रोंडा: नाही बघितलं. चारही वेळा उजव्या आरशात बघून मागे घेतलंस. मी इथेच बसलेय.

डेल्बर्ट: चाळीस वर्षं धान्याचे ट्रक चालवले मी नेब्रास्कात. आरशात कधी बघायचं ते आता तू मला शिकवणार? दात घासायला मी शिकवलं तुला.

रोंडा: तेही आरशात बघूनच शिकवलं होतंस.

मार्लीन: तुमचं चहापाणी झालं असेल तर या मागे. हं, हळू. येऊ दे. डावीकडे नळाचा खांब आहे. येऊ दे. डेल, खांब. डेल, खांब! अरे डेल!

डेल्बर्ट: काय वाजलं?

मार्लीन: टाळ्या. लोक उभं राहून वाजवतायत. खांब आडवा झालाय आणि पाणी दहा फूट उडतंय. शेजारची पोरं अंघोळीला आली. तो निळी टोपीवाला मुख्य नळ बंद करायला धावलाय, बीअर न सांडता. शिका काहीतरी. तू आता स्टिअरिंगला हात लावू नकोस, मी बघते इथलं.

रोंडा: बाबा, आई तिकडे आहे तोवर सांग. खांब लालभडक होता. माझ्या छातीएवढा उंच.

डेल्बर्ट: ऊन आलं डोळ्यावर.

रोंडा: ऊन माझ्या बाजूने येतंय.

डेल्बर्ट: मग तुझ्यावरून उडून आलं असेल माझ्यावर.

रोंडा: आठ दिवस झाले निघून. आठ दिवसांत तू एकदाही ट्रेलर मागे घेतला नाहीस. प्रत्येक कॅम्पात आपल्याला आरपार जागाच हवी, पुढून शिरायचं आणि पुढूनच निघायचं. वायोमिंगमध्ये इतकी सुंदर नदीकाठची जागा मिळत होती, ती सोडून तू दीड तास पुढे घेऊन गेलास. का, तर म्हणे डास.

डेल्बर्ट: होते डास.

रोंडा: जिथे गेलो तिथे दुप्पट होते! आज सगळ्या आरपार जागा भरलेल्या निघाल्या म्हणून सापडलास. काय झालंय? खरं सांग.

डेल्बर्ट: आईला सांगशील.

रोंडा: ते ऐकल्यावर ठरवेन.

डेल्बर्ट: डावा डोळा गेलाय. म्हणजे आहे जागेवर, पण नुसतं धुकं. आणि उजव्याचंही कडेकडेचं कमी झालंय. डावा आरसा बघायला मान वळवली की समोरचं सुटतं. पण रस्ता दिसतो मला, रोंडा. रस्ता समोरच असतो.

रोंडा: आणि डावीकडून येणारे ट्रक?

डेल्बर्ट: त्यांना मी दिसतो ना. एवढा मोठा ट्रेलर आहे.

रोंडा: विनोद करू नकोस. मला रडू येतंय इथे आणि तू विनोद करतोयस.

डेल्बर्ट: ऐक माझं. साडेपाचशे मैल राहिलेत फक्त. तुझ्या आईने अजून समुद्र बघितलेला नाही. लग्न झालं त्या आठवड्यात म्हणालो होतो, पुढच्या उन्हाळ्यात नेतो. एक्केचाळीस उन्हाळे झाले. कधी कापणी आली, कधी तुझं कॉलेज, कधी माझी आई आजारी. तिला हे कळलं तर ती इथूनच परत फिरवेल. मला एकदा तिला तिथे नेऊन उभी करू दे, मग किल्ली कायमची टांगतो.

मार्लीन: काच खाली करा. नळखात्याकडून आलेय. काय कुजबुज चाललीय? चेहरे असे पाडलेत की खांब आपल्या नात्यातला होता.

डेल्बर्ट: मान धरलीय गं माझी. वळतच नाही.

मार्लीन: अगं बाई! मग वळवू नकोस हं. समोर बघ, अगदी सरळ. मी इथे तुझ्या डाव्या काचेपाशी आहे. किती बोटं दाखवतेय?

डेल्बर्ट: हा काय पोरखेळ? लोक बघतायत.

मार्लीन: लोक मघापासून बघतायत, त्यांची करमणूक मोडू नकोस. किती?

डेल्बर्ट: तीन.

मार्लीन: दोन्ही हात खिशात आहेत माझे.

रोंडा: बाबा, आता सांग. नाहीतर मी सांगते.

डेल्बर्ट: काचबिंदू आहे. मार्चमध्ये सांगितलं डॉक्टरांनी.

मार्लीन: मार्चमध्ये. आणि ट्रेलर घेतलास एप्रिलमध्ये.

डेल्बर्ट: म्हणूनच घेतला.

मार्लीन: गाडी चालवायचं काय म्हणाले डॉक्टर?

डेल्बर्ट: लांबचं टाळा म्हणाले.

मार्लीन: मग बरोबर आहे. हजार मैल म्हणजे तुझ्या लेखी कोपऱ्यावरून पाव आणणं. मागे पंचवीस फुटी घर बांधलेलं, शेजारी एकुलती एक लेक, आणि मी मूर्ख मागच्या सीटवर स्वेटर विणत बसलेली! त्या घाटात मी झोपले होते, डेल. घोरत होते! मान वळव आणि इकडे बघ. आता तरी दिसतंय का?

डेल्बर्ट: घाटात मीपण घाबरलो होतो.

मार्लीन: मग उठवायचंस ना मला! एकट्याने घाबरायचं होतं तर लग्न कशाला केलंस?

डेल्बर्ट: तुला समुद्र दाखवायचा होता. आणि तू बघत असताना मला तू दिसायला हवी होतीस. पुढच्या उन्हाळ्यात दिसशील की नाही, ते कोणी लिहून देईना.

रोंडा: आई, आपण परत जाऊ या. ट्रक, ट्रेलर इथेच कुणालातरी विकू, विमानाने घरी जाऊ.

मार्लीन: परत कोण जातंय? सरक, डेल. नाही, सरकू नको, उतरच खाली. मी चालवते.

डेल्बर्ट: तू? अगं, ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. वाटतं तितकं सोपं नाही ते.

मार्लीन: ते बघितलं मी आत्ता, पाच वेळा. आणि बत्तीस वर्षं शाळेची पिवळी बस कोण चालवत होतं? साठ पोरं आत, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि शेरिफचा पोरगा मागच्या सीटवर फटाके लावतोय. अख्ख्या गावाने पोटची पोरं माझ्या हवाली केली. आणि तुझ्या ट्रकची किल्ली मला एकदा मिळाली, काचा पुसायला.

रोंडा: दोनदा, आई. एकदा रेडिओ बंद करायलाही दिली होती.

मार्लीन: हो बाई, उपकार विसरू नयेत.

डेल्बर्ट: बरं. सीटचा खटका खाली आहे. ब्रेक जरा कडक लागतो. आणि उताराला...

मार्लीन: डेल.

डेल्बर्ट: हं.

मार्लीन: उतर.

डेल्बर्ट: उतरतो. पण समुद्रापर्यंत तूच नेणार? सगळे साडेपाचशे?

मार्लीन: सगळे. तू शेजारी बसायचं, नकाशा मांडीवर घ्यायचा आणि मी चुकले की तोंड मिटून ठेवायचं. मी एक्केचाळीस वर्षं केलंय ते काम, जमतं सवयीने. आणि घरी गेल्यावर डॉक्टरांकडे मी येणार सोबत. आता धर हा वॉकीटॉकी, दुसरा आहे माझ्याकडे. मागे जाऊन उभा राहा. रोंडा, तू बाबासोबत थांब.

रोंडा: चल बाबा. पायाखाली बघ, चिखल झालाय.

मार्लीन: ऐकू येतंय का?

डेल्बर्ट: येतंय.

मार्लीन: कमाल आहे. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही. निघू?

डेल्बर्ट: ये. स्टिअरिंग थोडं उजवीकडे घे. बास. आता सोड. ये, ये. अगं, सरळ आलीस की तू! पहिल्याच खेपेला! त्या लोकांनी खुर्च्या मिटल्या बघ, बघण्यासारखं काही उरलं नाही त्यांना.

मार्लीन: कौतुक जेवताना कर. डावीकडे किती फूट उरलेत?

डेल्बर्ट: डावीकडे...

मार्लीन: लवकर बोल, पाय ब्रेकवर आहे माझा. किती?

डेल्बर्ट: मला दिसत नाही, मार्लीन. थांब, रोंडाला विचारून सांगतो.