प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी

हसायचं तर हसा, पण स्टेलाच्या कानावर जाऊ देऊ नका. इथं आखातात, माहूजला आमच्या खालच्या मजल्यावर राहते ती नर्स. तिच्या पोरीच्या पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे चर्चमधल्या विधीचं, शूटिंग मी केलं, वसईत अंथरुणावर पडलेल्या तिच्या आईसाठी. डीव्हीडी बनवताना कॉम्प्युटरनं विचारलं, प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड? मी चौथी शिकलेला. पण जयंतीच्या भाषणांत ऐकलेलं, प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी. म्हटलं, मग आपण दुसरं कशाला दाबू?

डिस्क वसईला पोचली आणि स्टेला वर आली. "काका, पोरगी हलली की तोंडावर रेघाच रेघा. नातीचं तोंड दिसत नाही म्हणून आई फोनवर रडते."

"टीव्ही भंगार आहे तुमचा!" मी खेकसलो. "फेकून द्या."

"बाबांनी घेतलेला तो, काका. बाबा गेले आता."

"मग बघत बसा रेघा."

ती गेल्यावर माझ्याकडची कॉपी टीव्हीला लावली. त्याच रेघा! माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, आपला कॅमेरा इंटरलेस्ड आहे, एकाआड एक रेघ टिपतो. डीव्हीडी पण तशीच हवी. युअर मिस्टेक." मी गुपचूप दुसरी बनवली आणि जादा कॉपी म्हणून धाडली.

महिन्यानं स्टेला जिन्यात भेटली. "काका, तुमचं खरं निघालं. भावानं नवा टीव्ही आणला, त्यावर तुमची जादा कॉपी लावली, आता स्वच्छ दिसतं. बाबांचा भंगारात दिला. आई दोन दिवस जेवली नाही, पण..."

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? उघडलं. म्हणालो, "सांगितलं नव्हतं मी?"