चाइल्ड सीटवरचा गणपती

चाइल्ड सीटचं कौतुक मला नका सांगू, यार. आमच्या चाइल्ड सीटवर पहिला बसला तो गणपती!

दिल्लीत आर. के. पुरमहून मूर्ती घेऊन द्वारकेला घरी निघालो होतो. आईने मूर्ती मागे चाइल्ड सीटवर ठेवली, पट्टे आवळले आणि माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, सईला, मांडीवर घेऊन स्वतः पुढे बसली.

म्हटलं, "आई, समोर एअरबॅग आहे. उघडली तर सईच्या तोंडावरच आदळेल."

"फुगाच ना? आवडतात तिला फुगे. आणि मूर्ती भंगली म्हणजे?"

सणासुदीला आईशी कोण वाद घालणार! निघालो मुकाट्याने. पालमच्या अलीकडे एक ऑटोवाला मध्येच घुसला. मी करकचून ब्रेक मारला. नशीब, एअरबॅग उघडली नाही. पण सईचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं, हे एवढं टेंगूळ! मागे बाप्पा जागचा हलला नव्हता.

आईने गाडी बाजूला घ्यायला लावली. सईला मागे नेऊन पट्ट्यांत बसवलं आणि मूर्ती मांडीवर घेऊन शेजारी बसली.

मी विचारलं, "आता मूर्ती भंगली म्हणजे?"

"त्याचं डोकं एकदा बदलता आलं होतं," आई म्हणाली. "हिचं कुठून आणू?"